भाज्यांचे काप वाळतात, पण कुरकुरीत होत नाहीत: काय चुकतंय? (नाशिक)

बीट_गाजर (प्रश्न)

नमस्कार. भाज्यांचे कुरकुरीत काप न तळता घरी करायचे आहेत. नुसते तोंडात टाकायला आणि मुलांच्या मधल्या सुट्टीच्या डब्याला. घरी पाच ताटल्यांचं गोल डिहायड्रेटर आहे (५०० वॅट, खाली पंखा, ३५ ते ७० अंश). पंखा असलेलं ओटीजीही आहे, पण त्याचा खटका १०० च्या खाली जात नाही. इंदिरानगरला राहते, गच्चीवर दिवसभर ऊन असतं.

आतापर्यंत बीट, गाजर, भेंडी आणि बटाटा करून पाहिले. सगळ्यांचे काप साधारण ३ ते ४ मिलिमीटर, ५५ अंश, ७ तास. १ किलोला १ छोटा चमचा मीठ.

बीट आणि गाजर चामट, दाताला ओढ लागते. भेंडी यंत्रातून काढली तेव्हा मस्त होती, दुसऱ्या दिवशी डब्यात सादळली. बटाटा दगड. आणि सगळंच खारट.

विकतच्या पाकिटातली भेंडी इतकी हलकी आणि खुसखुशीत असते, तशी घरी होते का? होत असेल तर जाडी, अंश, तास सगळं नेमकं सांगा. पावसाळ्यात टिकवायचं कसं, तेही.

मोजमाप

आधी पाकिटाचं. पाकिटावर घटकांची यादी वाचा. त्यात पामोलीन किंवा राइस ब्रान तेल दिसलं की ते काप नुसते वाळवलेले नाहीत, निर्वात तळलेले आहेत. बंद टाकीतली हवा खेचून घेतली की पाणी कमी तापमानाला उकळतं, त्यामुळे तेल १०० अंशांच्या आसपास असतानाच भेंडीतलं पाणी वाफ होऊन निघून जातं. रंग राहतो, आत पोकळी राहते. यादीत बऱ्याचदा माल्टोडेक्स्ट्रिनही (स्टार्चपासून केलेली पूड) असतं, ते कुरकुरीतपणा धरून ठेवतं. ही यंत्रणा स्वयंपाकघरात होणारी नाही. पण नुसतं वाळवून कुरकुरीत काप नक्की होतात. पाकिटासारखे फुगीर नाहीत, पातळ आणि कडक होतात, मोडताना टचकन आवाज करतात.

तुमची मुख्य अडचण अशी की तुम्ही वेळ मोजताय. वजन मोजा.

भेंडीत ९० टक्के पाणी धरा. देठं काढून १ किलो भेंडी घेतली तर तिच्यात कोरडा ऐवज १०० ग्रॅम. वाळून ती ११८ ग्रॅमवर आली तर १५ टक्के ओल शिल्लक आहे, म्हणजे चामट. १११ ग्रॅमला १० टक्के, म्हणजे मोडेल पण चावताना चिकटेल. १०५ ग्रॅमला ५ टक्के, म्हणजे कुरकुरीत. ९०० ग्रॅमच्या आसपास पाणी काढल्यावर सगळा खेळ शेवटच्या १३ ग्रॅमचा आहे. ते १३ ग्रॅम निघायला मात्र एकूण वेळेचा तिसरा हिस्साही लागू शकतो, कारण उरलेलं पाणी कापाच्या गाभ्यातून सावकाश बाहेर येतं. बहुतेक लोक ‘वाळलं की’ म्हणून इथेच यंत्र बंद करतात.

बाकीच्यांचा हिशोब, प्रत्येकी १ किलो साफ केलेल्या भाजीमागे ५ टक्के ओलीचं वजन: बीट साधारण १३० ग्रॅम, गाजर १२५, पालक ८५, कोबी ८५, कारलं ७०, दुधी ५० च्या आत. वाण आणि हंगाम यांप्रमाणे थोडं मागेपुढे होतं. म्हणून दुसरी खूण सोबत ठेवा: अपेक्षित वजनाच्या जवळ आल्यावर पाऊण तास आणखी चालवा आणि पुन्हा मोजा. १०० ग्रॅममागे १ ग्रॅमही घटलं नसेल तर झालं. १ ग्रॅम दाखवणारा साधा किचन काटा पुरतो.

तिसरी गोष्ट, गरम काप तपासू नका. बीट-गाजरातली साखर गरम असताना मऊच असते. एक काप बाहेर काढून ५ मिनिटं गार करा, मग मोडा. वाकला तर परत आत. गरम असताना वाकतो म्हणून रात्रभर यंत्र चालवलं आणि बीट काळं, कडू झालं, असंही होतं.

बटाट्याबद्दल: पिठूळ भाजी नुसती वाळवून कुरकुरीत होत नाही. बटाटा, रताळं, अळकुडी, सुरण, कच्चं केळं, सगळ्यांना हाच नियम. स्टार्च वाळला की काचेसारखा घट्ट होतो. आपले वाळवणाचे बटाटा काप आणि कीस तळायचे म्हणूनच केलेले असतात. त्यात उरलेली थोडी ओल गरम तेलात एकदम वाफ होते आणि काप फुलतो. तळायचं नसेल तर बटाटा या यादीतून काढून टाका, दात दुखवून घेऊ नका.

आणि मीठ. १ किलो भेंडीची १०५ ग्रॅम होते, पण मीठ तेवढंच राहतं. सपाट छोटा चमचा म्हणजे ५ ते ६ ग्रॅम मीठ, म्हणजे तयार मालात ५ टक्के. खारट लागणारच. १ किलो ताज्या भाजीला २ ग्रॅम घ्या, चमच्याच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. कारलं-दुधीला त्याहून कमी, कारण ती आणखी आटतात.

काचरी

यंत्र चांगलं, पण नाशिकचं मार्च ते मेचं ऊन वाया घालवू नका. होळी झाली की मेअखेरपर्यंत दुपारची हवा इतकी कोरडी असते की धुतलेलं फडकं अर्ध्या तासात कडक होतं. भेंडी, कारली, गवार या त्या दिवसांतल्याच भाज्या. बुधवारच्या बाजारात गंगेवर (गोदाकाठी) कोवळी भेंडी सकाळी ९ च्या आत मिळते, तीच घ्या. शेंडा टचकन मोडला पाहिजे. जून भेंडीची साल वाळल्यावर सुतळीसारखी होते, मग कितीही तास ठेवा.

भेंडी आदल्या रात्री धुवा आणि फडक्यावर पसरून ठेवा. सकाळी एकेक पुसून मग चिरा. ओल्या भेंडीला सुरी लावली की चिकट सुटतं, काप एकमेकांना धरतात आणि चिकटलेली जागा वाळत नाही. उभी चिरून चार फोडी करा. गोल चकत्या करायच्या तर बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढ्या जाड ठेवा, भेंडी आतून पोकळ असल्याने चालतं. बोटबोटभर अंतर ठेवून पसरा.

ऊन थेट नको. वरून पांढरी मलमल ताणून बांधा, भाजीला टेकणार नाही अशी. धूळ-माशांसाठी तर आहेच, पण खरं कारण रंग. उघड्या उन्हात भेंडी दोन दिवसांत गवताच्या रंगाची होते आणि गाजर फिकं पडतं. आपल्याकडे बेदाण्याच्या शेडमध्ये द्राक्षं सावलीतच वाळवतात, वरून छप्पर आणि चारही बाजूंनी वारा. भाजीलाही तेच लागू. वारा मुख्य, ऊन फक्त हवा तापवण्यापुरतं.

खाली प्लास्टिकचा कागद टाकू नका. पापड-कुरडया त्यावर चालतात, भाजीचे काप खालून घाम धरतात. चाळणी, वेताची पाटी किंवा चौकटीवर ताणलेली नायलॉन जाळी, आणि ती जमिनीपासून निदान वीतभर वर.

संध्याकाळी साडेचार-पाचला गोळा करून आत आणा आणि गरम असतानाच स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवा. रात्री उघडं ठेवलं की दिवसभरात गेलेली ओल हवेतून परत येते. पहिल्या संध्याकाळी भाजी अजून ओलसर असेल तर मात्र डब्यात कोंडू नका, आंबते. पंख्याखाली पसरून ठेवा.

भेंडी एप्रिलमध्ये दोन दुपारींत होते. कारली: साल थोडी खरवडून २ मिलिमीटरच्या चकत्या, बिया काढून, मीठ-हळद लावून २० मिनिटं, मग घट्ट पिळून. पिळल्यावर चव पाहा, खारट वाटली तर एकदा पाण्यातून काढा. ही दीड दिवसात कडकडीत होते आणि सगळ्या भाज्यांत जास्त दिवस कुरकुरीत राहते, कारण तिच्यात साखर जवळजवळ नाही.

गवार ताकातली करतात ती तळणीची. नुसती खायला गवार घेऊ नका, दोरा राहतो.

मोजमाप

काचरी ताईंच्या म्हणण्यात एक जोड: उन्हात शेवटचे ते १३ ग्रॅम निघतीलच असं नाही, वारा पडला किंवा ढग आले तर अजिबात नाही. उन्हात ९० टक्के काम करून घ्या आणि शेवटचा तास-दीड तास यंत्रात ६५ अंशांवर द्या. वीजही वाचते. ५०० वॅटचं यंत्र ८ तास चालवलं तर जास्तीत जास्त ४ युनिट, आणि हे फक्त शेवटचा तास चालवलं तर अर्धं युनिट.

जाळी_पंखा

यंत्रांबद्दल लिहितो.

तुमच्या गोल यंत्रात पंखा खाली आहे, म्हणजे खालची ताटली आधी वाळणार आणि वरची दमट हवेत बसणार. दर दोन तासांनी वरची खाली, खालची वर करा आणि प्रत्येक ताटली अर्धा फेर फिरवा. पाच ताटल्यांत मिळून ओली भाजी सव्वा किलोच्या वर घालू नका. काप एकावर एक आले की तिथे चामट डाग राहतो आणि एक चामट काप डब्यातल्या दहांना सादळवतो.

काप ३-४ मिलिमीटर म्हणता, ते जाड आहेत. बीट आणि गाजर दीड मिलिमीटर, दुधी ३ (तो वाळून कागद होतो), काकडी ३. जाडी दुप्पट झाली की वेळ दुप्पट नाही, तिप्पट-चौपट लागतो. विळीवर एकसारखं येत नाही. पात्याची उंची बदलता येणारी स्लायसर घ्या, भांडी बाजारात मिळते. कापून झाल्यावर दहा काप एकावर एक ठेवून पट्टीने मोजा: १५ मिलिमीटर आले तर दीडचे आहेत.

तापमान: सुरुवातीपासून ६०, शेवटी ६५. सुरुवातीलाच ८०-९० दिलं की वरची कातडी कडक होते आणि आतलं पाणी कोंडतं. असा काप हाताला कडक लागतो आणि डब्यात दुसऱ्या दिवशी मऊ पडतो, कारण आतली ओल सगळीकडे पसरते. तुमच्या भेंडीचं असंच झालं असेल. ५५ अंशांवर कातडी धरत नाही हे खरं, पण अखंड किंवा दोनच फोडी केलेली भेंडी असेल तर बियांभोवतीची ओल तशीच राहते. चार फोडी करा.

७० च्या वर बीट-गाजर नेऊ नका, साखर करपायला लागते.

ओटीजी वापरायचं तर दार करंगळीएवढं उघडं ठेवा, फटीत लाकडी डाव अडकवा. दोन कारणं: खटका १०० वर असला तरी आत ६०-७० राहतं, आणि वाफेला बाहेर जायला वाट मिळते. दार बंद ठेवलं तर भाजी वाफवली जाते, वाळत नाही. आत एक ओव्हनचं थर्मामीटर टांगा, खटक्यावरच्या आकड्यांवर भरवसा नको. पत्र्याचा ट्रे नको, रॅकवर जाळी टाका. घरात लहान मूल असेल तर हा प्रकार करू नका, दार तापलेलं असतं.

जाळी सातपूर-अंबडकडे कापून मिळते. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील सांगून घ्या. जस्त चढवलेली लोखंडी जाळी स्वस्त पडते, पण मीठ आणि आमचूर लागलं की जस्त भाजीत उतरतं. ती पाखरांच्या खुराड्यालाच बरी.

एअरफ्रायरमध्ये ‘डिहायड्रेट’ची सोय असेल तर चालतो, पण पाव किलोच्या वर मावत नाही. पालकाची पानं वाळत आली की पंख्याच्या झोताने उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. वरून एक जाळी झाकण म्हणून ठेवावी लागते.

बीट_गाजर

खूप खूप आभार, सगळं वहीत उतरवलं. आणखी तीन शंका. भेंडी आणि बीट आधी वाफवायचे की कच्चेच? फ्रीजरमध्ये गोठवून मग वाळवलं की हलके होतात असं ऐकलं, खरं आहे का? आणि मसाला कधी लावायचा?

मोजमाप

गोठवण्याचं खरं आहे, आणि घरच्या पद्धतींत सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. घरचा फ्रीजर हळू गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि भाजीच्या पेशींच्या भिंती फोडतात. मटार गोठवून काढले की मऊ लागतात ते यामुळेच. तिथे जो दोष आहे तो इथे गुण होतो: भिंती फुटल्याने पाणी लवकर निघतं आणि जिथे स्फटिक होते तिथे बारीक पोकळ्या राहतात. काप दाताखाली चुरतो.

रीत अशी. गाजर, बीट, फरसबी वाफेवर ठेवा, पाण्यात उकळू नका, गोडी आणि रंग पाण्यात जातात. दीड मिलिमीटरचे गाजराचे काप २ मिनिटं, बीट ४ मिनिटं, बोटाएवढी अख्खी कोवळी फरसबी ३ मिनिटं. लगेच पंख्याखाली पसरून गार करा आणि पाणी टिपून घ्या. ताटात बटर पेपरवर एकेरी थर लावून फ्रीजरमध्ये रात्रभर, १० ते १२ तास. ढीग करून गोठवलं तर सकाळी वीट हातात येते.

सकाळी गोठलेलेच काप थेट ताटलीवर. वितळू देऊ नका. वितळले की रस ताटात गळतो, आणि बिटाचा रस गेला की चवच गेली. यंत्र आधी १५ मिनिटं ६० वर तापवून ठेवा. बीट सगळ्यात खालच्या ताटलीत, नाहीतर खालचं गाजर लाल होतं. बीट असताना ताटल्या वर-खाली करायच्या नाहीत, फक्त फिरवायच्या, म्हणून बीट एकटंच लावलेलं सोपं.

गोठवलेलं गाजर ६ ते ७ तास, बीट ७ ते ८, फरसबी ८ ते १०. न गोठवता यांना दीड-दोन तास जास्त धरा. मुलांच्या डब्याला फरसबी करा आधी, ती सगळ्यात हलकी होते.

पालक, कारलं, कोबी, कांदा गोठवू नका. पालक तर नुसता धुऊन, देठ काढून, पुरता कोरडा करून ५५ अंशांवर ३ ते ४ तास. कोबीची पानं मधली शीर काढून पोळीच्या चतकोराएवढी फाडा, ६० अंशांवर ५ तास.

कांदा वेगळ्या दिवशी, एकटाच, आणि खिडकी उघडी ठेवून. बाकी सगळ्याला वास लागतो. लाल कांद्यापेक्षा उन्हाळ कांदा घ्या, त्यात पाणी कमी. २ मिलिमीटरच्या उभ्या पाकळ्या मोकळ्या करून ६० अंशांवर ७-८ तास. खिचडीवर आणि आमटीवर चुरून घालायलाही उत्तम.

भेंडी वाफवून घ्या. अख्खीच २ मिनिटं, गार झाल्यावर चिरा. हिरवा रंग टिकतो आणि महिन्याभराने गवतासारखा वास येत नाही.

काचरी

भेंडीबद्दल मी सहमत नाही. वाफवलेली भेंडी चिरली की चिकट तारा सुटतात, त्या वाळून फोडीवर पापुद्रा धरतात आणि खाताना ओठाला लागतो. वास बिघडायचा प्रश्न दोन-तीन महिने ठेवायची तर. पंधरवड्यात संपणारी असेल तर कच्चीच चिरून वाळवा. १ किलोला २ ग्रॅम मीठ, ४ ग्रॅम आमचूर आणि अर्धा छोटा चमचा तेल, हातावर घेऊन चोळा. आमचुराच्या आंबटपणाने चिकटपणा मोडतो. कोकमाचं आगळ किंवा लिंबाचा रस नको, पुन्हा पाणीच घालतो आपण.

मसाल्याचं: तिखट, हळद, जिरेपूड, आमचूर, लसणाची पूड हे कोरडे पदार्थ वाळवण्याआधी, ओलसर कापावर. वाळल्यावर लावले तर तळाशी गळून बसतात. तिखटही मिठासारखंच आटून तीव्र होतं, किलोला ३ ग्रॅमच्या वर मुलांना झेपत नाही. चाट मसाला आणि काळं मीठ मात्र खाताना वरून, ते हवेतली ओल पटकन ओढतात. तेल त्या अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. जास्त तेलाने कापावर थर बसतो, वाळायला वेळ लागतो आणि तीन आठवड्यांत खवट वास येतो.

बेसन किंवा तांदळाचं पीठ भुरभुरवू नका. ६० अंशांवर पीठ शिजत नाही, कच्चट लागतं.

मोजमाप

आमचुराचा मुद्दा मान्य. लवकर संपवायची तर ताईंची रीत, साठवायची तर माझी.

पावसाळी_डबा

टिकवण्याचं उत्तर राहिलं आहे.

आधी पावसाळ्यात वाळवायचं झालं तर. एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा यंत्रात ६० अंशांना तापून तिची आर्द्रता ७ टक्क्यांच्या आसपास येते. जुलैत २७ अंश आणि ८५ टक्के असेल तर तापून ती १५ टक्के राहते. म्हणजे पावसाळ्यात त्याच तापमानाला काप तेवढा कोरडा होतच नाही, कितीही वेळ ठेवा. उपाय: शेवटचा दीड तास ७० अंश, तिथे ती १० टक्क्यांपर्यंत उतरते. आणि यंत्र स्वयंपाकघरात नको, जिथे भात शिजतोय, कुकरची वाफ आहे. दुसऱ्या खोलीत ठेवा.

भरण्याची वेळ फार महत्त्वाची. यंत्रातून काढून गरमच बरणीत भरले की काचेला आतून घाम येतो. तासभर उघडे ठेवले की पावसाळ्यात तेवढ्यातच सादळतात. यंत्र बंद केल्यावर एका वेळी एकच ताटली काढा, पंख्याशिवाय ५ ते ७ मिनिटं गार करा, हाताला कोमट लागेनाशी झाली की लगेच भरा. मग पुढची ताटली.

पहिले २४ तास सगळं काचेच्या बरणीत ठेवा. दुसऱ्या दिवशी बरणी हलवा. काप खुळखुळले तर ठीक. एकमेकांना चिकटले किंवा झाकणाच्या आत दव दिसलं तर बरणीतले सगळे काप परत ६५ अंशांवर तासभर. ही एक दिवसाची चाचणी न करता मोठ्या डब्यात भरलं की बुरशी धरते, आणि ती आधी तळाशी येते म्हणून वरून दिसत नाही. बुरशी दिसली तर निवडून बाकीचं खाऊ नका, सगळं टाका.

चाचणीनंतर छोट्या पुड्या करा. रोज उघडायच्या मोठ्या डब्यात पावसाळ्यात काहीच टिकत नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतून ओल हळूहळू आत येतेच. आतून चंदेरी थर असलेल्या जाड पिशव्या मिळतात, त्यात एका वेळेचे ३०-४० ग्रॅम भरून तोंड सील करा. सीलर नसेल तर केस सरळ करायच्या चिमट्याने होतं. हवा हाताने दाबून काढा, पण काप चुरतील इतकी नाही.

बरणीच वापरायची तर लहान घ्या आणि गळ्यापर्यंत भरा, रिकामी जागा म्हणजे दमट हवा. अर्ध्या लिटरला ५ ग्रॅमची खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची पुडी. निळ्या दाण्यांची घेऊ नका, त्यात कोबाल्टचं क्षार असतं. नारिंगी दाणे ओल धरून हिरवे झाले की पुडीतून काढून ओटीजीत १२० अंशांना तास-दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतात. पुडीसकट तापवू नका, कागद-प्लास्टिक जळतं. सिलिका नको असेल तर भाजून गार केलेले मूठभर तांदूळ मलमलच्या पुरचुंडीत, पण ते आठवड्याला बदलावे लागतात.

इतकं केलं तर कारलं आणि पालक दोन महिने, फरसबी-भेंडी महिना-दीड महिना, बीट-गाजर तीन-चार आठवडे. साखर जितकी जास्त तितकं लवकर सादळतं. बरण्या अंधारात ठेवा, पालक आणि गाजर उजेडात रंग सोडतात.

सादळलेले काप टाकायचे नाहीत. ओटीजीत ७०-८० वर (बीट-गाजर ७० वरच) १० ते १५ मिनिटं, दार किंचित उघडं, मग गार करा. असं एकदाच करा, दुसऱ्यांदा चव भाजकट होते.

बीट_गाजर

काल बीट केलं. ५०० ग्रॅम सोललेलं, दीड मिलिमीटर, ४ मिनिटं वाफ, रात्रभर फ्रीजर, ६० अंश. ६ तासांनी ७२ ग्रॅम होतं आणि गार काप वाकत होता. शेवटी ६५ करून पावणेदोन तास आणखी दिले, वजन ६६ वर येऊन थांबलं. आता मोडतात. पण काही कापांची एक बाजू कुरकुरीत आणि दुसरी अजून चिवट आहे. ताटल्या फिरवल्या होत्या.

जाळी_पंखा

६६ म्हणजे बरोबर ५ टक्क्यांवर आलात. एक बाजू चिवट राहते ती बहुतेक वेळा कापण्यामुळे. बीट स्लायसरवर धरताना हात तिरका झाला की काप पाचरीसारखा येतो, एका कडेला १ मिलिमीटर आणि दुसऱ्या कडेला अडीच. एक काप उजेडाकडे धरून पाहा, जाड बाजू गडद दिसेल. बीट आधी मधोमध उभं चिरा आणि सपाट बाजू स्लायसरच्या बाजूच्या पट्टीला टेकवून ढकला. शेवटचा बोटभर तुकडा हातात धरायला जड जातो, तिथेच काप तिरके येतात आणि बोटही कापतं. तो तुकडा कोशिंबिरीला ठेवा.

चिवट बाजू असलेले काप वेगळे काढून तासभर ६५ वर द्या, बाकीच्यांत मिसळून बरणीत भरू नका.

बीट_गाजर

उजेडात धरून पाहिलं, पाचरच आहे. वेगळे काढलेले १४ काप आत टाकले आहेत. पुढच्या आठवड्यात फरसबी करते आणि वजनं इथे टाकते.